न्यायाधीशांची पेन्शन : जप्ती, वसुली आणि घटस्फोट
नाशिकमध्ये स्थायिक झालेल्या निवृत्त न्यायिक अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायाधीश होतो म्हणून माझ्या पेन्शनला काही खास संरक्षण आहे का?

जिल्हा न्यायपालिकेतल्या अधिकाऱ्याला खास असं नाही. सरकारी पेन्शनर म्हणून जे संरक्षण आहे, तेच तुम्हाला आहे. तुमच्या कोर्टातल्या शिरस्तेदाराला आणि बेलिफालाही तेवढंच मिळतं. तुमची पेन्शन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली मंजूर होते. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाने रक्कम वाढली, पण जप्तीचे नियम होते तसेच राहिले.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं थोडं वेगळं आहे. त्यांचा पगार राज्याच्या एकत्रित निधीतून येतो, पेन्शन मात्र भारताच्या एकत्रित निधीवर भारित असते. नेमणुकीनंतर ती त्यांच्या तोट्याने बदलता येत नाही (अनुच्छेद २२१). पण हे संरक्षण संसद आणि सरकारपासून आहे. सावकार किंवा पत्नी यांच्या बाबतीत त्यांनाही पुढचेच नियम लागतात.

हे संरक्षण नेमकं कुठे लिहिलं आहे?

दोन ठिकाणी. पेन्शन कायदा, १८७१ चं कलम ११ सांगतं की पूर्वीच्या सेवेबद्दल सरकारने दिलेली पेन्शन, आणि त्यापोटी देय असलेली किंवा होणारी रक्कम, धनकोच्या (ज्याचं देणं आहे त्याच्या) मागणीवरून कोर्टाला जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०(१) चा परंतुक (अपवादाचा भाग), खंड (जी), पेन्शनर म्हणून मिळणारं निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) जप्तीतून वगळतो.

दोन्ही कलमं अर्जात एकत्र लिहा. पहिलं कोषागारात असलेल्या पैशाला घट्ट धरतं, दुसरं तुमच्या हाती आलेल्या पैशापर्यंत जाऊ शकतं. नुसतं कलम ११ लिहून अर्ज दिला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, पैसे तर खात्यात जमा झाले, आता ती पेन्शन कुठे राहिली?

मग खात्यात जमा झालेली पेन्शन जप्त होते की नाही?

वाद नेहमी इथेच होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ आणि १९८७ च्या निकालांचा रोख असा होता की पेन्शन सरकारच्या हातात आहे तोवर तिला हात लावता येत नाही. १९८७ च्या हिंगोरानी निकालात अंशराशीकृत (कम्युट केलेल्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेल्या) रकमेलाही हे लागू धरलं गेलं. २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात न्यायालय पुढे गेलं. निवृत्तीचे लाभ हाती आले, त्यांची मुदत ठेव केली, तरी त्यांचं रूप बदलत नाही आणि कलम ६० च्या खंड (जी) चं कवच टिकतं, असं त्यात म्हटलं आहे. आज मुदत ठेवीवर जप्ती आली, तर आधार याच निकालाचा घ्यायचा.

पण तो उपयोगी तेव्हाच पडतो जेव्हा ठेवीतला रुपया पेन्शनचाच आहे हे कागदावर दिसतं. एका पासबुकातल्या एकाच महिन्याच्या नोंदी कल्पून पाहा: १ तारखेला कोषागाराकडून पेन्शन ९०,०००, ५ तारखेला इंदिरानगरच्या फ्लॅटचं भाडं २२,०००, ११ तारखेला मुलाकडून ३०,०००, १८ तारखेला सिन्नरच्या जमिनीचा समृद्धी महामार्गासाठीचा मोबदला ६,४०,०००, २० तारखेला पाच लाखांची मुदत ठेव. आता या पाच लाखांत पेन्शन किती? कोणालाच सांगता येणार नाही, आणि सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

म्हणून पेन्शनचं खातं फक्त पेन्शनचं ठेवा. भाडं, द्राक्षाचे पैसे, जमिनीचा मोबदला, मुलांचे पैसे दुसऱ्या खात्यात. उपदानाची आणि अंशराशीची रक्कम जमा झाली की त्याच खात्यातून, त्याच आकड्याची, वेगळी ठेव करा. ठेवीच्या पावतीची, जमेच्या नोंदीची आणि पीपीओची (पेन्शन अदा करण्याच्या आदेशाची) झेरॉक्स एकाच फाइलला लावा. पुढे वीस वर्षांनी ही फाइल लागली, तर नव्याने शोधायची वेळ येत नाही.

खात्याला मुलाचं नाव जोडलंय. चालेल?

पत्नीचं नाव जोडा. कुटुंब निवृत्तिवेतनासाठीही ते सोयीचं पडतं. मुलाचं नको. मुलाच्या धंद्यातल्या कर्जाची दरखास्त (निकालाच्या वसुलीचा अर्ज) आली, की हुकूमनामाधारक (ज्याच्या बाजूने निकाल लागला तो) संयुक्त खात्यावरच आधी बोट ठेवतो, आणि मग बापाला स्वतःच्या पेन्शनसाठी कोर्टात शपथपत्र द्यावं लागतं.

खात्यावर जप्तीचा हुकूम आला. आता काय करायचं?

आधी हुकूम कोणाचा आहे ते बघा. दिवाणी कोर्टाच्या दरखास्तीतला आहे, सहकारी पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचा आहे, आयकर खात्याचा आहे, की बँकेने स्वतःहून खातं अडवलं आहे? प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, आणि चुकीच्या दारात अर्ज देऊन दोन महिने जातात.

दिवाणी दरखास्त असेल तर त्याच कोर्टात, दिवाणी संहितेच्या आदेश २१ नियम ५८ आणि कलम ४७ खाली हरकत अर्ज द्या. सोबत पीपीओची प्रत, किमान बारा महिन्यांचा खातेउतारा, मुदत ठेवीच्या पावत्या आणि शपथपत्र जोडा. अर्जात “माझी सगळी रक्कम सुटीला पात्र आहे” असं मोघम लिहू नका. तारीख, रक्कम, कोषागाराची जमा आणि त्यातून काढलेली ठेव अशी ओळीने लिहा. पैसे काढून घेण्याचा हुकूम होण्याआधी अर्ज दाखल व्हायला हवा. नियम ५८ चा परंतुक जाणूनबुजून किंवा विनाकारण उशीर केलेला अर्ज ऐकायला नकार देऊ शकतो, आणि ‘नोटीस घरी आली होती पण मी मुलाकडे पुण्याला होतो’ हे उत्तर निवृत्त न्यायाधीशाच्या तोंडी शोभत नाही.

आयकर आणि कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या वसुलीतही कवच आहे. आयकर कायदा, १९६१ च्या (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा) दुसऱ्या अनुसूचीतला नियम १० सांगत आला आहे की दिवाणी संहितेने जप्तीतून वगळलेली मालमत्ता तिथेही वगळलेली आहे, आणि न्यायाधिकरणाची वसुली त्याच अनुसूचीने चालत आली आहे.

पुतण्याच्या द्राक्षबागेच्या कर्जाला जामीनदार आहे. पतसंस्थेने कलम १०१ खाली वसुली दाखला काढला. पेन्शन जाईल?

पेन्शन जाऊ नये. घर आणि शेत मात्र जाऊ शकतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालचा वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी मालमत्ता शोधू लागतो, आणि जामीनदार पहिल्या फळीतला असतो. पेन्शनच्या खात्यावर हात टाकल्यास पेन्शन कायद्याचं कलम ११ आणि संहितेचं कलम ६० दाखवून त्याच्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. न ऐकल्यास सहकार खात्याकडे पुनरीक्षण किंवा उच्च न्यायालय.

पण गंगापूर रोडचा बंगला तुमच्या नावावर असेल आणि तोच तारण दिला असेल, तर पेन्शनचं कवच तिथे काडीचंही उपयोगी नाही. लोक पेन्शन वाचवण्यात गुंतून राहतात आणि बंगल्याच्या लिलावाची नोटीस दुर्लक्षित करतात.

पेन्शनवर कर्ज घेताना सही केलेल्या कागदात लिहिलं होतं की बँकेला पेन्शनवर पहिला हक्क राहील. ते बंधनकारक आहे का?

भविष्यातली पेन्शन गहाण ठेवणं किंवा कोणाच्या नावे करणं पेन्शन कायद्याच्या कलम १२ ने शून्य आहे. आणि दिवाणी संहितेच्या कलम ६०(१-ए) प्रमाणे जप्तीच्या सुटीवर पाणी सोडण्याचा करारही शून्य. म्हणूनच बँका पेन्शन तारण घेत नाहीत. हप्ता खात्यातून वळता करण्याची सूचना आणि पत्नीची जामीनदार म्हणून सही घेतात. हा हप्ता कायद्याला धरून आहे, कारण तुम्हीच तो द्यायला सांगितला आहे. ती सूचना थांबवलीत तर बँक कर्जवसुलीचा दावा करेल, पण पेन्शन तिच्या नावावर होणार नाही.

बँकेने दुसऱ्याच कर्जासाठी परस्पर खातं अडवलं तर शाखेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही.

सरकार स्वतः काही कापू शकतं का?

हो, आणि हीच वसुली सर्वांत जास्त वेळा होते. निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम १३२ प्रमाणे सरकारी येणं उपदानातून वळतं होतं: राहतं निवासस्थान वेळेत न सोडल्याचं भाडं, घरबांधणी अग्रिम, जादा दिलेला पगार. नियम २७ प्रमाणे गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर पेन्शन रोखता किंवा काढून घेता येते. सेवेत असताना चौकशी सुरू झाली नसेल, तर ती शासनाच्या मंजुरीशिवाय आणि चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल सुरू करता येत नाही.

जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीवर २०१४ च्या रफिक मसीह निकालाचा (निवृत्तांकडून अशी वसुली करू नये) आधार सगळे देतात. त्याला जोडून २०१६ चा निकाल वाचा: पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या प्रकरणात एका न्यायिक अधिकाऱ्यानेच वेतननिश्चितीच्या वेळी “जादा मिळाल्यास परत करीन” असं हमीपत्र दिलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने वसुलीला परवानगी दिली, हप्त्यांनी. सुधारित वेतनाच्या वेळी असं हमीपत्र बहुतेक सगळ्यांनीच सही केलेलं असतं. आपलं सेवापुस्तक एकदा उघडून बघा.

सेवेत असताना पगारावर जप्ती आली तर?

पगाराचं गणित वेगळं. हुकूमनामा पोटगीचा नसेल तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटीला पात्र. जप्तीयोग्य पगार १,५१,००० असेल तर १,५०,००० चा एक तृतीयांश, म्हणजे ५०,०००, दरमहा कापता येतात. अशी कपात २४ महिने झाली की पुढचे १२ महिने पगार मोकळा, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी कायमचा मोकळा. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश वाचतो.

भनिनि, पीपीएफ, विमा?

भविष्य निर्वाह निधीला भविष्य निर्वाह निधी कायदा, १९२५ चं कलम ३ आणि दिवाणी संहितेच्या कलम ६० चा खंड (के). पीपीएफला खंड (के-ए). विमा पॉलिसीच्या रकमेला (के-बी). शेअर, म्युच्युअल फंड, सोनं: काहीच नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांच्या एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) शिल्लकीला किंवा विमा कंपनीकडून येणाऱ्या वार्षिकीला (ठरावीक नियमित रकमेला) १८७१ चं कलम ११ आपोआप लागत नाही, कारण ती सरकारने मंजूर केलेली पेन्शन नाही. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

घटस्फोट झाला तर पत्नीला निम्मी पेन्शन मिळते का?

नाही. हा समज अमेरिकेतल्या लेखांवरून येतो. तिथे लग्नाच्या काळात कमावलेली पेन्शन ही वाटपाची मिळकत धरतात आणि तिचा हिस्सा कोर्टाच्या हुकमाने पाडतात. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेचं असं वाटप नाही. कलम २७ फक्त लग्नाच्या वेळी किंवा आसपास दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंबद्दल आहे. त्यामुळे पीपीओवर पत्नीचा हिस्सा लिहून मिळत नाही. (लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर तिथला पती-पत्नी मालमत्तेचा कायदा वेगळा आहे, तो आधी तपासा.)

पण याचा अर्थ पेन्शन वादाबाहेर आहे असा नाही. पोटगी ठरवताना ती उत्पन्नच आहे, आणि बहुधा मुख्य उत्पन्न तीच.

पोटगीसाठी पेन्शन किती धरतात?

२०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. पेन्शनच्या रकान्यात बहुतेक पती खात्यात येणारा आकडा लिहितात आणि तिथेच घोळ होतो.

समजा मूळ पेन्शन ८०,०००. चाळीस टक्के अंशराशीकरण घेतलं, म्हणजे ३२,००० कमी होऊन ४८,००० राहिले. पण महागाई वाढ मूळ ८०,००० वर मोजली जाते, ४८,००० वर नव्हे. शिवाय त्या ३२,००० च्या बदल्यात एकरकमी पैसे हातात आले आहेत, आणि १५ वर्षांनी ही कपात थांबून पूर्ण पेन्शन परत सुरू होते. पत्नीच्या वकिलाने पीपीओची पूर्ण प्रत मागावी: मूळ पेन्शन, अंशराशीची रक्कम, कमी झालेली पेन्शन, हे तिन्ही आकडे. पतीने तिन्ही आकडे आपणहून द्यावेत. लपवलेला आकडा कोषागाराच्या एका पत्राने उघडा पडतो आणि मग सगळ्या शपथपत्रावरचा विश्वास उडतो.

ठरलेली टक्केवारी कायद्यात नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त म्हटली आणि तेव्हापासून तो आकडा युक्तिवादात येतो. पण पत्नीची स्वतःची पेन्शन, घर कोणाचं, औषधपाण्याचा खर्च, हे सगळं त्यात खालीवर होतं. पतीही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पत्नीकडे पोटगी मागू शकतो. पत्नी निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि पती बेरोजगार असेल तर हा मुद्दा येतोच.

पोटगी थकली. पेन्शन जप्त करता येते का? कलम ११ आडवं येत नाही?

आडवं येत नाही. कलम ११ धनकोपासून आहे आणि पत्नी धनको नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं: पोटगी हे कर्ज नव्हे, आणि तिच्या वसुलीसाठी पेन्शनवर जप्ती येऊ शकते. निवृत्त न्यायाधीशांना बाहेरच्यांविरुद्ध हे कवच पूर्ण मिळतं, घरच्यांविरुद्ध नाही, आणि ते तसंच असावं असं आमचंही मत आहे.

वसुलीचा मार्ग पोटगी कुठल्या कायद्याखाली मिळाली त्यावर ठरतो. हिंदू विवाह कायद्याखालचा हुकूम दिवाणी दरखास्तीने. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा (पूर्वीचं १२५) वॉरंटने, पण थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकणं ही पत्नीच्या बाजूने होणारी सर्वांत महागाची चूक. दर अकरा महिन्यांनी नवा अर्ज टाका, तडजोडीची बोलणी चालू असली तरी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली कोर्ट पतीला नोकरी देणाऱ्याला किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला थेट रक्कम वळती करायला सांगू शकतं.

घटस्फोटानंतर कुटुंब निवृत्तिवेतन कोणाला?

घटस्फोटित पत्नीला नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात लोक हे विसरतात. पती जिवंत आहे तोवर दरमहा पोटगी मिळते. तो गेला की ती थांबते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन पूर्वीच्या पत्नीला नसतं. पत्नी साठीची असेल तर पुढची वीस-पंचवीस वर्षं उघड्यावर. म्हणून संमतीच्या अटींत तीनपैकी एक तरी लिहून घ्या: उपदान किंवा अंशराशीतून एकरकमी रक्कम, घराचा हक्क, किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर. बोजा सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर चढवून घ्या, नाहीतर तो हुकमाच्या कागदावरच राहतो. नुसतं वेगळं राहायचं असेल तर न्यायिक विभक्ततेचाही विचार करा. त्यात विवाह कायम राहतो.

निवृत्तीनंतर पतीने पुन्हा लग्न केलं तर नवी पत्नी पात्र ठरते. निवृत्तीनंतरचं लग्न म्हणून तिला डावलता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे. पण पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदूंमध्ये शून्यच.

नोंदी कुठे बदलायच्या?

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला की तीन ठिकाणी. शेवटचं जिथे काम केलंत त्या जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेकडून प्रस्ताव महालेखापालांच्या मुंबई किंवा नागपूर कार्यालयाकडे जातो, तिथून दुरुस्ती नाशिकच्या जिल्हा कोषागारात येते. बँकेत खात्याचं नामनिर्देशन वेगळं बदलावं लागतं, विम्याचं आणखी वेगळं. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत जाल तेव्हाच बँकेचं उरकून घ्या. चांद्यापासून बांद्यापर्यंत बदल्या होऊन नाशिकला स्थिरावलेल्यांनी पेन्शन इथल्या कोषागारात वर्ग झाली आहे ना तेही पाहावं.

वडील गेले. त्यांचे धनको आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर येऊ शकतात का?

नाही. कुटुंब निवृत्तिवेतन ही वडिलांची मालमत्ताच नव्हे; ते मृत्युपत्रानेही कोणाला देता येत नाही. भनिनिची रक्कमही अवलंबितांकडे मृताच्या कर्जापासून मुक्त जाते. बाकी घर, शेत, शेअर जे वारशाने आलं, त्या मर्यादेपर्यंत धनको येऊ शकतात, आईने जामीनदार म्हणून सही केली असेल तर त्या पलीकडेही.

अर्ज नाशिकमध्ये कुठे?

घटस्फोट आणि पोटगी शहरात कौटुंबिक न्यायालयात. त्याच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांत हिंदू विवाह अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. जप्तीची हरकत ज्या कोर्टात दरखास्त आहे तिथेच, मग ती जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात असो की निफाड, मालेगावला. आपल्याच जुन्या सहकाऱ्यासमोर प्रकरण येत असेल तर ते दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करण्याचा अर्ज पहिल्या तारखेलाच द्या. निकालाच्या टप्प्यावर दिलेल्या अर्जाचा अर्थ कसा लावला जातो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.